पन्हळ की छप्पर? ताड-माडांचं घराणं ओळखण्याची रीत

शिंदीची झावळी पाहिली की नारळ आठवतो. मधे लांब दांडा, दोन्ही अंगांना ओळीनं पात्या. ताडाचं पान त्यापुढे अगदी निराळं, गोल आणि पंख्यासारखं पसरलेलं. तरीही वनस्पतिशास्त्रज्ञ शिंदीला ताडाच्या घरात ठेवतात आणि नारळाला दुसऱ्याच. कॉलेजात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटलं नव्हतं. पटलं ते कित्येक वर्षांनी, शिंदीची एक पाती दांड्याजवळ ब्लेडनं आडवी कापून पाहिली तेव्हा.

ती पाती कशी कापायची, कापल्यावर काय पाहायचं आणि तेवढ्यावरून झाडाचं घराणं कसं उलगडत जातं, ते इथे पायरीपायरीनं सांगतो. डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना यासाठी लागणारी झाडं घराजवळच मिळतील. पुण्या-नागपुरात सोसायटीची बाग आणि एखादी रोपवाटिका पुरे. सोबत धारदार ब्लेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी आणि वही घ्या. फोन फोटोपुरता ठेवा, नाव विचारायला शेवटी काढा.

पायरी १: झाड मुळात ताड-माडांच्या कुलातलं, म्हणजे पाम, आहे का?

रोपवाटिकेत 'पाम' म्हणून विकली जाणारी बरीच झाडं पाम नसतात. सगळ्यात मोठी फसगत 'सागो पाम' करतो. हा सायकस. त्याला फूल येतच नाही, त्याचं बी फळात झाकलेलं नसतं, उघडं असतं. म्हणजे सपुष्प वनस्पतींच्या वाड्यातच तो राहत नाही. त्याची कोवळी पाती निरखा: ती नेच्याच्या कोंबासारखी गुंडाळलेली असते. नारळाच्या कुळात असं कधीच दिसणार नाही.

'ट्रॅव्हलर्स पाम' मादागास्करचा आहे आणि नात्यानं केळीच्या जवळचा. त्याची पानं दोनच रांगांत, एका पातळीत, मोराच्या पिसाऱ्यासारखी उभी राहतात. केवड्याची पानं लांब पट्ट्यांसारखी, कडांना काटे असलेली, पण कधीही न विभागलेली. खोडापासून आधाराची मुळं जमिनीत उतरतात. युक्का, ड्रॅसिना आणि 'पोनीटेल पाम' ही तिन्ही शतावरीच्या गणातली (गण म्हणजे अनेक कुलांचा गट).

मग खरं पाम कशावरून ओळखायचं? माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण पानाच्या जन्मात आहे. चिंचेच्या किंवा शेवग्याच्या पानात प्रत्येक पर्णिका सुरुवातीपासून वेगळी वाढते. ताड-माडांत तसं नसतं. तिथे पान कळीत असताना अखंड असतं, जपानी पंख्यासारखं घड्या घातलेलं, आणि नंतर ठरावीक रेषांवर फाटत जाऊन त्याच्या पात्या होतात. नारळाच्या रोपाकडे पाहा. पहिली काही पानं अखंड निघतात, टोकाशी फार तर दुभंगलेली. रोप मोठं झाल्यावरच पात्या सुट्या व्हायला लागतात. मोठ्या झाडाच्या शेंड्यावरचं न उलगडलेलं भाल्यासारखं पान वादळात पडलं तर सोडू नका, घरी आणून हळूहळू उलगडा. सगळ्या घड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील.

दुसरी खूण खोडात आहे. तोडलेल्या माडाचा आडवा छेद पाहिला तर आंब्याच्या किंवा सागाच्या खोडात दिसतात तशी वर्षाची वलयं त्यात नसतात. फिकट गरात गडद ठिपके विखुरलेले असतात, कडेला दाट, मधे विरळ. पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे ते जुडगे. खोडाला दरवर्षी नवा थर चढवणारी पेशींची कडी या झाडांत नाही, म्हणून खोडाची जाडी उंच होण्याआधीच जवळपास ठरून जाते. वाढीचा कोंबही बहुतेक जातींत प्रत्येक खोडाला एकच. गेंड्या भुंगा किंवा सोंड्या भुंगा त्या कोंबापर्यंत पोचला की अख्खा माड का जातो, याचं उत्तर इथे आहे. याला ठळक अपवाद म्हणजे दीवचा रावणताड, तिथल्या बोलीत होका. त्याचं खोड दोन-दोन फाट्यांत विभागत वर जातं. दीवला गेलात तर किल्ल्याइतकाच वेळ या झाडांना द्या.

इथे 'झाड' या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे. २०१६ साली गोव्यात वृक्षसंरक्षण कायद्याच्या व्याख्येतून माड वगळला गेला आणि 'माड हा वृक्ष नाही, गवताच्या जातीचा आहे' असं म्हटलं जाऊ लागलं. पुढच्याच वर्षी तो पुन्हा वृक्ष म्हणून धरला गेला. त्या वादात शास्त्राचं नाव पुष्कळदा घेतलं गेलं, पण शास्त्रात 'वृक्ष' हा वर्गीकरणाचा कप्पाच नाही. वृक्ष, झुडूप, वेल या वाढीच्या तऱ्हा आहेत. वेत वेलीसारखा चढतो आणि माड उंच उभा राहतो, तरी दोघं एका कुलातले. माडाचं गवताशी नातं आहे हे खरं, पण ते किती लांबचं हे पुढच्या पायरीत कळेल.

पायरी २: भाऊबंद कोण?

ताड-माडांचं कुल एकदल वनस्पतींत येतं. एकदलांचे आज ११ गण मानले जातात. ही मांडणी 'एपीजी' या शास्त्रज्ञांच्या गटाची. तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली आणि चौथी २०१६ मध्ये. ती कोरडी यादी म्हणून पाठ करण्यापेक्षा स्वयंपाकघरातून आणि अंगणातून फिरत समजून घेतलेली बरी.

एकदलांच्या वंशवृक्षाच्या खोडावरून सगळ्यात आधी फुटलेली फांदी वेखंडाची. बाळगुटीत उगाळतो तेच वेखंड. त्यानंतर अळू आणि सुरणाची फांदी, मग कोनफळ-करांद्यांची, केवड्याची, कळलावीची. कांदा, लसूण, निशिगंध आणि ऑर्किड एका मोठ्या गणात. उरतो तो शेवटचा घोळका, ज्याला कॉमेलिनिड म्हणतात. त्यात चार गण आहेत: आलं, हळद, केळ आणि कर्दळीचा एक, भात, ज्वारी, ऊस, बांबू आणि अननसाचा दुसरा, केन्याचा तिसरा, ताड-माडांचा चौथा.

या घोळक्याला नाव मिळालं ते कॉमेलिना या प्रजातीवरून (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), म्हणजे पावसाळ्यात बांधावर उगवणाऱ्या, भाजी-भजी करतात त्या केन्यावरून. केन्याच्या फुलाला दोन मोठ्या निळ्या पाकळ्या आणि एक लहान फिकी पाकळी असते. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीअसनं हे नाव हॉलंडच्या कॉमेलिन घराण्यावरून ठेवलं. घराण्यातले दोघे वनस्पतिशास्त्रात नावाजले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, म्हणून दोन पाकळ्या मोठ्या आणि एक लहान. केना पाहताना मला दरवेळी त्या तिसऱ्याची आठवण होते.

या चार गणांना एकत्र बांधणारी खूण डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या पेशीभित्तिकांत फेरुलिक आम्ल बांधलेलं असतं आणि अतिनील प्रकाशात ते चमकतं. नुसत्या डोळ्यांनी जुळवणाऱ्यांची इथे कशी गल्लत होते, याचं उत्तम उदाहरण अमेरिकी शास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्ट यांची १९८१ ची मांडणी. त्यांनी ताड-माड, केवडा आणि अळू एका उपवर्गात घातले होते. कारण समजण्याजोगं आहे. तिघांचाही फुलोरा दाट असतो आणि मोठ्या आवरणात जन्मतो. माडाची पोय, केवड्याचं कणीस आणि अळूचं फूल शेजारी ठेवलीत तर तुम्हीही तेच कराल. डीएनएनं मात्र तिघांना तीन ठिकाणी नेलं. फुलोऱ्याला आवरण असणं ही सोय निसर्गात अनेकदा, वेगवेगळ्या घरांत निर्माण झाली आहे.

तर माड हा गवत नाही. दोघं एका घोळक्यातले, पण वेगळ्या गणांतले. मग ताड-माडांचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण? उत्तर अनपेक्षित आहे. डॅसिपोगोनेसी नावाचं जेमतेम सोळा जातींचं कुल, फक्त ऑस्ट्रेलियात आणि बहुतांशी तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात सापडणारं. त्यातला किंगिया हा जाड खोडावर गवताचा झुबका ठेवल्यासारखा दिसतो. एपीजीच्या २००९ च्या मांडणीत या कुलाला गणच मिळाला नव्हता. २०१६ मध्ये त्याला ताड-माडांच्या गणात, अरेकेलीजमध्ये, जागा देण्यात आली.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडची जुनी हर्बेरियमं (वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह) आणि थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश बेंथम-हूकर या वर्गीकरणाच्या जुन्या पद्धतीनं लावलेले आहेत. तिथे ताड-माड 'पामी' या नावाखाली मिळतील आणि शेजारी भलतेच लोक असतील. त्यात चूक काही नाही, त्या काळची ती मांडणी होती. नमुना शोधायचा तर जुना पत्ता माहीत हवा.

पायरी ३: पानाची घडी

ही पायरी सावकाश करा. सगळा लेख विसरलात तरी चालेल, ही लक्षात राहू द्या.

आधी पानाचा ढोबळ आकार लिहून घ्या. पिसासारखं, म्हणजे नारळ, पोफळ, शिंदी. पंख्यासारखं, म्हणजे ताड, रावणताड, बजरबट्टू. दोनदा विभागलेलं आणि पाती माशाच्या शेपटीसारखी, म्हणजे भेरली माड. लिहून झालं की तो आकार थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण फसवतो तोच.

आता नारळाच्या झावळीच्या मधल्या भागातली एक पाती घ्या. दांड्याला जिथे ती चिकटली आहे तिथून साधारण एक-दोन सेंटीमीटरवर ब्लेडनं आडवी कापा. टोकाकडे पाती सपाट होते, तिथे काही कळत नाही, म्हणून बुंध्याजवळच कापायची. कापलेलं टोक भिंगाखाली धरा. पातीची वरची बाजू वरच राहू द्या. नारळात ती कौलारू छपरासारखी दिसेल: मधला हीर आढ्यावर आणि दोन्ही बाजू खाली उतरलेल्या.

मग शिंदीची पाती तशीच कापा. ही उलटी निघेल. दोन्ही कडा वर, मधली शीर तळाशी, थेट पन्हळीसारखी. पावसाचा थेंब पडला तर नारळाच्या पातीवरून दोन्हीकडे ओघळेल, शिंदीच्या पातीत साचेल.

शास्त्रात पन्हळीसारख्या घडीला इन्डुप्लिकेट आणि छपरासारख्या घडीला रेडुप्लिकेट म्हणतात. वर्गात शिकवताना मी पन्हळ आणि छप्पर हेच शब्द वापरतो, ते मुलांच्या डोक्यातून जात नाहीत. हा फरक येतो कुठून? कळीतलं पान घड्यांचं असतं हे आपण पाहिलं. प्रत्येक घडीला वरचा माथा असतो आणि खालचा तळ. पान माथ्यांवर फाटलं की सुटणारी प्रत्येक पाती पन्हळ होते. तळांवर फाटलं की छप्पर. पान कुठल्या रेषेवर फाटायचं हे ते फार कोवळं असतानाच ठरतं आणि झाड उन्हात वाढलं की सावलीत, त्यानं त्यात फरक पडत नाही.

आता ताडाचा पंखा उचला आणि जिथे दोन पाकळ्या एकमेकींपासून सुटतात तिथे निरखून पाहा. पन्हळ. बजरबट्टूचं पान, पन्हळ. भेरली माडाची शेपटी, पन्हळ. पोफळीची पाती मात्र छप्पर, आणि वेताचीही छप्पर.

ताड, शिंदी, भेरली माड आणि बजरबट्टू ही चार अगदी वेगळी दिसणारी झाडं एका रांगेत आली ती या एका छेदानं. त्यांच्या उपकुलाचं, म्हणजे कुलातल्या मोठ्या शाखेचं, नाव कोरिफॉइडी. आपल्याकडे पन्हळ दिसली की झाड कोरिफॉइडीचं. निसर्गात अपवाद असतोच: चीन-व्हिएतनामच्या चुनखडीच्या डोंगरांत वाढणारा गुइहाइया हा कोरिफॉइडीतला असूनही छप्पर-घडीचा आहे.

आणखी एक छोटी खूण. शिंदीच्या झावळीच्या अगदी टोकाला एक एकटी पाती असते. नारळाची झावळी पात्यांच्या जोडीवर संपते. पिसासारख्या पानांत पन्हळवाले सहसा एकट्या पातीवर संपतात आणि छप्परवाले जोडीवर. टोक फाटलेलं नसेल तरच या खुणेवर भिस्त ठेवा.

पायरी ४: विरी आणि काटे

पानाचा तळ खोडाला कसा वेढतो ते पाहा. पोफळीची विरी खोडाभोवती पूर्ण नळी करते, म्हणून झाडाच्या शेंड्याखाली हिरवा गुळगुळीत भाग दिसतो. विरीवर बसून एकमेकांना ओढत नेण्याचा खेळ ज्यांनी कोकणात खेळला आहे त्यांना हा अवयव वेगळा दाखवावा लागणार नाही. रस्त्याकडेला लावतात त्या रॉयल पामलाही असाच हिरवा गळा असतो. आपल्याकडे त्याला सर्रास 'बॉटल पाम' म्हणतात. नारळात मात्र हा भाग फाटतो आणि उरते ती तपकिरी, विणलेल्या कापडासारखी जाळी. नारळ आणि पोफळ एकाच उपकुलातले आहेत. त्यामुळे विरीचा उपयोग जात ओळखायला होतो, घराणं ठरवायला नाही.

काट्यांचंही तसंच. शिंदीच्या दांड्याच्या तळाचे काटे म्हणजे रूप बदललेल्या पात्या. क्रमानं वर पाहत गेलात तर काटा हळूहळू पाती होताना दिसतो. वेताचे काटे पानाच्या आवरणावर उगवलेले असतात. शिवाय वेताला चढण्यासाठी आकड्यांचा चाबूक असतो. तो कुठे पानाच्या टोकाची वाढ असतो, तर कुठे फुलं न धरणारा फुलोराच. ताडाच्या देठाच्या कडांना करवतीचे दाते. तिन्ही बोटाला सारखेच टोचतात, पण त्यांचा उगम वेगवेगळा आहे. 'काटे आहेत' एवढंच लिहून थांबू नका, कुठून निघाले ते लिहा.

पायरी ५: फुलोरा, आणि भेरली माडाचा खटला

नारळाची पोय उमलली की एक लोंबी मागून घ्या. बागायतदार एवढं देतात. लोंबीच्या तळाशी सुपारीएवढं गोल मादीफूल आणि त्याला खेटून दोन्ही बाजूंना एकेक छोटं नरफूल दिसेल. या तिकडीला त्रिक म्हणतात. लोंबीच्या टोकाकडे फक्त नरफुलं उरतात. पोफळीतही त्रिकं आहेत. अरेकॉइडी या उपकुलाची ही मोठी खूण.

ताडात आणि शिंदीत नर वेगळा, मादी वेगळी. ताडाच्या नराला बोटांसारखी जाड कणसं येतात आणि फुलं त्यांच्यातल्या खळग्यांत रुतलेली असतात. फक्त नर झाड पाहून 'हा ताड फळत का नाही' असं विचारणारे बरेच भेटतात.

भेरली माडापाशी मात्र सगळे अडतात. त्याच्या लोंबत्या जटांसारख्या फुलोऱ्यात त्रिकं आहेत, नारळासारखीच, आणि पानात पन्हळ, ताडासारखी. मग त्याला कुठे ठेवायचं? १९८७ मध्ये नॅटली उल आणि जॉन ड्रान्सफील्ड यांनी जगातल्या सगळ्या पाम प्रजातींचा आढावा छापला, तेव्हा फुलांचं पारडं जड ठरलं आणि भेरली माड अरेकॉइडीत गेला. पुढे डीएनएचे निकाल यायला लागले आणि ते पानाच्या बाजूनं गेले. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत भेरली माड ताड-शिंदीच्या घरात आला. त्रिक ही रचना या कुलात एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उद्भवली आहे, असा त्याचा अर्थ.

माझ्या दृष्टीनं वर्गीकरणाचा सगळा गाभा या खटल्यात आहे. शास्त्रज्ञ खुणा नुसत्या मोजत नाहीत. कोणती खूण एकदाच जन्मली आणि कोणती वरचेवर, हे ते ठरवू पाहतात. फूल म्हणजे सर्वांत विश्वासू साक्षीदार, असं लिनीअसच्या काळापासून मानलं जायचं. इथे घडीची साक्ष खरी ठरली.

फुलोरा पाहताना झाडाचा जीवनक्रमही नोंदवा. नारळ वर्षानुवर्षं फुलत राहतो. भेरली माड वाढ पूर्ण झाल्यावर शेंड्यापासून फुलायला लागतो, पुढचा प्रत्येक फुलोरा आधीच्याखाली येतो, आणि सगळ्यात खालचा फळून झाला की झाड मरतं. बजरबट्टू ३० ते ८० वर्षं थांबून एकदाच, शेंड्यावर प्रचंड फुलोरा काढतो आणि संपतो.

पायरी ६: फळ, करवंटी, बी

हे काम पाटावर बसून होतं. नारळ सोलून करवंटीचे तीन डोळे पाहा. फुलाच्या किंजात (मादी अवयवात) तीन भाग होते, त्यांची ही आठवण. त्यातल्या एकाच डोळ्याखाली कोंब असतो, म्हणून एकच मऊ. करवंटीला तीन किंवा अधिक डोळे असणं ही नारळाच्या जमातीची (जमात म्हणजे उपकुलातला लहान गट) खूण. तेलमाडाच्या कवचालाही डोळे आहेत, तो नारळाचा सख्खा भाऊबंद.

ताडाच्या फळात तीन ताडगोळे, प्रत्येकाला स्वतःचं कवच. कधी दोन किंवा एकच निघतो, बाकीचे धरलेले नसतात. नारळात तीन भाग मिळून एक करवंटी झाली, ताडात तिन्ही वेगळे राहिले. इथे दर्याई नारळाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. फकिरांच्या हातात ज्याचं कटोऱ्यासारखं भांडं दिसतं, ते सेशेल्स बेटांवरचं जोडफळासारखं अजस्र बी. वजन २० किलोंवरही जातं, जगातलं सर्वांत मोठं बी तेच. नाव नारळाचं, पण झाडाचं पान पंखा, घडी पन्हळ, नर-मादी वेगळे. तो ताडाच्या जमातीतला आहे.

खजुराच्या बीला एका बाजूला लांब खाच आणि पाठीवर बारीक ठिपका असतो. त्या ठिपक्याखाली कोंब. शिंदीच्या बीतही हेच, फक्त आकार लहान. दोघं फिनिक्स या एकाच प्रजातीतले.

सुपारी अडकित्त्यानं आडवी कातरा. पांढऱ्या गरात तपकिरी नक्षी दिसते. बीचं आवरण गरात घुसत गेल्यानं ती होते. नारळाच्या खोबऱ्यात असं काही नसतं. भेरली माडाच्या बीत मात्र नक्षी आहे. ते बी काढताना हातमोजे घाला. फळाच्या गरात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि कातडीची आग होते. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'युरेन्स'चा अर्थच 'जाळणारा'.

वेताचं फळ मिळालं तर जपून ठेवा. उलट्या खवल्यांनी मढवलेलं, चकचकीत, जणू लहानसं खवल्या मांजर. असं खवल्यांचं फळ दिसलं की पुढे काही पाहायची गरज नाही. कॅलॅमॉइडी.

पायरी ७: पाच घरं

आता नोंदी जुळवा. जगात या कुलाच्या सुमारे १८० प्रजाती आणि २,६०० च्या आसपास जाती आहेत. त्या पाच उपकुलांत बसतात, आणि ही उपकुलं कोणत्या क्रमानं फुटली तेही कळलं आहे.

सगळ्यात आधी वेगळी झाली वेताची शाखा, कॅलॅमॉइडी. नंतर नायपॉइडी, ज्यात आज एकच जात जिवंत आहे: नायपा, सुंदरबनात जिला गोलपाता म्हणतात. तिचं खोड चिखलात आडवं पसरतं आणि झावळ्या थेट खाडीतून वर आल्यासारख्या दिसतात. एके काळी ही नायपा फार दूरवर होती. लंडनच्या चिकणमातीत तिची अश्मीभूत फळं मिळतात आणि आपल्या शेजारी छिंदवाड्यातल्या मोहगाव कलानच्या थरांतही. ते थर दख्खनच्या लाव्हाच्या दोन पाझरांमधले, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या त्या जागी तेव्हा खाडीसारखं पाणी असावं, असा अंदाज या फळावरून बांधता येतो. विदर्भात वर्ध्याकडच्या नवरगावलाही लाव्हाच्या थरांमध्ये पामांची दगड झालेली खोडं सापडली आहेत. छेदात तेच विखुरलेले ठिपके.

तिसरं घर कोरिफॉइडी, म्हणजे आपली पन्हळ-मंडळी. उरलेली दोन घरं एकमेकांची बहिणी: सेरॉक्सिलॉइडी आणि अरेकॉइडी. सेरॉक्सिलॉइडी भारतात नैसर्गिकरीत्या नाही. कोलंबियाच्या डोंगरांतला मेणमाड, जगातला सर्वांत उंच पाम, या घरातला. अरेकॉइडी सगळ्यांत मोठं. नारळ, पोफळ, तेलमाड, रॉयल पाम आणि कुंडीतले बहुतेक पाम इथलेच.

झाडासमोर प्रश्न विचारण्याचा क्रम मी असा ठेवतो. फळावर खवले? वेताचं घर. नाही, आणि पन्हळ? ताडाचं घर. छप्पर, आणि खोड खाडीच्या चिखलात आडवं? नायपा. छप्पर आणि फुलांत त्रिक? नारळाचं घर. महाराष्ट्र-गोव्यात एवढ्यावर जवळपास प्रत्येक झाडाला जागा मिळते.

पायरी ८: नाव लिहिताना

या कुलाला दोन नावं आहेत, पामी आणि अरेकेसी, आणि दोन्ही नियमाला धरून आहेत. अशी दुहेरी नावाची सवलत मोजक्या जुन्या कुलांना दिलेली आहे. अरेकेसी हे नाव अरेका प्रजातीवरून, म्हणजे आपल्या सुपारीवरून. 'अरेका' हा शब्द मलयाळममधल्या 'अडक्क'वरून पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेला. कानडी 'अडिके' त्याचंच भावंड आणि आपला अडकित्ता त्याच घरातला. ताड, माड, खजूर, वेत या सगळ्यांच्या जागतिक कुलाचं नाव आपल्या पानदानातून निघालं आहे. याचा मला मनापासून आनंद होतो.

शिंदीचं नाव आणखी एक गोष्ट सांगतं. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ काढला, १६७८ ते १६९३ मध्ये. त्याची सुरुवात नारळानं होते. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं १६७५ चं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेलं आहे, आणि चित्रांवरही नागरीत नावं आहेत. ग्रंथाला टिपा लिहिणाऱ्यांपैकी एक यान कॉमेलिन, केन्याच्या नावातल्या घराण्याचा. १७५३ मध्ये लिनीअसनं शिंदीला नाव दिलं ते याच ग्रंथातल्या 'काटू-इंदेल'च्या आधारानं. त्यानं तिला एलाटे प्रजातीत ठेवलं होतं, नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं ती फिनिक्समध्ये आणली. म्हणून आज शिंदीच्या नावापुढे लिनीअसचं आद्याक्षर कंसात आणि रॉक्सबर्गचं नाव कंसाबाहेर असतं. कंस दिसला की समजावं, या जातीचं घर एकदा बदललं आहे.

घरातल्या कुंडीतला 'अरेका पाम' मात्र अरेका नाही. तो मादागास्करचा, पिवळ्या देठांचा. बरीच वर्षं त्याला डिप्सिस म्हणत, २०२२ च्या फेरमांडणीत तो क्रिसॅलिडोकार्पस या जुन्या नावावर परतला. ताजं नाव लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाच्या 'प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन'वर पाहून घ्या.

डीएनए आला म्हणून हे सगळं झटक्यात सुटलं असं मात्र नाही. या झाडांचा डीएनए फार संथ बदलतो. हरितद्रव्याच्या कणांमधला डीएनए तपासताना १९९० मध्येच हे लक्षात आलं होतं. जवळच्या दोन जातींत फरकच इतके थोडे की फांद्या वेगळ्या करता येईनात. त्यामुळे पेशीच्या केंद्रकातली वेगळी जनुकं शोधावी लागली. भिंग आणि ब्लेड म्हणूनच अजून अडगळीत गेलेले नाहीत.

पायरी ९: नमुना जपताना

पाच मीटरची झावळी हर्बेरियमच्या कागदावर मावत नाही, म्हणून लोक पामांचे नमुने टाळतात. तुम्ही टाळू नका. पडलेली झावळी घ्या. तिचे तीन तुकडे ठेवा: टोक, मधला भाग आणि तळ, विरीसह. बाकीचं टाकण्याआधी एकूण लांबी, देठाची लांबी आणि एका बाजूच्या पात्यांची संख्या मोजा. फुलोऱ्याची एक लोंबी, दोन-तीन फळं आणि आडवं कापलेलं बी वेगळ्या पाकिटात. खोडाची उंची आणि छातीच्या उंचीवरचा घेर. झाडाचा पूर्ण फोटो, शेंड्याचा फोटो, फुलोरा कुठून निघाला त्याचा फोटो. वेत किंवा जंगलातलं काहीही घेण्याआधी वनखात्याची परवानगी.

चिठ्ठीवर तारीख, गाव, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि झाड लावलेलं की आपोआप उगवलेलं, हे लिहा. गावातलं नाव, तिथले लोक उच्चारतात तसंच. नर की मादी. शास्त्रीय नावाची जागा कोरी ठेवलीत तरी चालेल, ती नंतर कोणीही भरेल. वाळलेली पाती दाबून सपाट झाली की तिची घडी दिसेनाशी होते, म्हणून एक ओळ झाडाखाली उभं असतानाच लिहून टाका: पन्हळ की छप्पर.